सर्वांत मोठी धाव कोणती?

सुनील गावसकर थोर की सचिन तेंडुलकर, हा वाद आपल्याकडील कितीतरी घरांत आजोबा आणि नातू यांच्यामध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. गावसकरांनी हेल्मेटशिवाय तोंड दिलेल्या वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्याचा दाखला आजोबांनी द्यावा, सचिनच्या शंभर शतकांचा आकडा नातवाने पुढे करावा, आणि जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत निकाल लागू नये, असा त्याचा थाट असतो. लांब पल्ल्याच्या धावण्यावर प्रेम करणाऱ्या जगभरच्या मंडळींतही असाच एक वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे. ट्रॅकवरची आजवरची सर्वांत मोठी धाव कोणती?

आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा वाद अखेरीस माणसाचे कर्तृत्व कोणत्या मापाने मोजावे या प्रश्नापाशी येऊन थांबतो. आणि उतारवयात आपण स्वतःला, किंवा आपले कुटुंबीय आपल्याला, बरेचदा चुकीच्या मापाने मोजत असतात. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. या वादात ज्याचे नाव हमखास निघते, त्या धावपटूची सरावाची पद्धत आज ज्येष्ठांच्या चालण्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. तिची ओळख करून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

घड्याळाचे माप

ट्रॅकची एक फेरी ४०० मीटरची असते. ५,००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या आणि १०,००० मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. घड्याळ हेच प्रमाण मानायचे, तर वाद एका वाक्यात मिटतो. पुरुषांचा १०,००० मीटरचा विश्वविक्रम युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेई याने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे नोंदवला. वेळ २६ मिनिटे ११ सेकंद. त्याआधीचा इथिओपियाच्या केनेनिसा बेकेले याचा विक्रम पंधरा वर्षे टिकला होता.

परंतु घड्याळ सगळे सांगत नाही. चेप्तेगेई धावला तो कृत्रिम पृष्ठभागाच्या ट्रॅकवर, आणि ट्रॅकच्या कडेला क्रमाने उजळत जाणारे दिवे त्याला हवी ती गती दाखवीत होते. १९५२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक याने हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये हेच अंतर २९ मिनिटे १७ सेकंदांत कापले, तेव्हा पायांखाली कोळशाच्या राखेचा ट्रॅक होता. कागदावर दोघांची शर्यत लावली, तर चेप्तेगेई अखेरची रेषा ओलांडताना झाटोपेक अडीच फेऱ्यांहूनही अधिक मागे असेल. एवढ्यावरून झाटोपेक लहान ठरतो काय?

आणखी एक नोंद पाहा. जून १९५४ मध्ये ब्रसेल्स येथे झाटोपेकने १०,००० मीटर अंतर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत पूर्ण केले. २९ मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो जगातील पहिला पुरुष. त्यानंतर जवळजवळ बरोबर सत्तर वर्षांनी, मे २०२४ मध्ये, केनियाची बियाट्रिस चेबेट अमेरिकेतील यूजीन येथे २८ मिनिटे ५४.१४ सेकंदांत धावली आणि २९ मिनिटांच्या आत येणारी पहिली स्त्री ठरली. आकडे जवळपास तेच आहेत, आणि दोन्ही पराक्रम आपापल्या जागी अपूर्व आहेत.

‘यांना झेपणार नाही’

स्त्रियांचा उल्लेख आला आहे, तर या वादातील एक मोठी उणीव येथेच सांगितली पाहिजे. जुन्या थोर धावांच्या याद्यांत स्त्रियांची नावे सहसा आढळत नाहीत, कारण त्यांना धावूच दिले जात नव्हते. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ८०० मीटरची शर्यत ठेवण्यात आली. शर्यतीनंतर धावपटू दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून स्त्रीशरीराला हे झेपणारे नाही असा गहजब झाला आणि ती शर्यत काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ३,००० मीटर धावण्यासाठी १९८४ साल उजाडावे लागले, तर १०,००० मीटरसाठी १९८८.

शर्यत संपल्यावर पुरुषही दमतात, आडवे पडतात. त्यावरून कोणी त्यांची शर्यत बंद केली नाही. ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत, त्यांनी या इतिहासाकडे थोडे थांबून पाहावे. ‘आता तुम्हांला झेपणार नाही’ हे वाक्य बहुधा मायेपोटीच उच्चारले जाते. परंतु ते उच्चारण्यापूर्वी काय झेपते आणि काय झेपत नाही याची तपासणी झाली आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. जिना चढल्यावर थोडी धाप लागली, म्हणून जिना कायमचा बंद. बाजारातून आल्यावर बाबा अर्धा तास पडून राहिले, म्हणून पिशवी काढून घेतली. अशा एकेका निर्णयाने हालचाल आटत जाते. न वापरलेला स्नायू उतारवयात फार लवकर झडतो. मग ‘झेपणार नाही’ हे भाकीत काही महिन्यांत आपोआप खरे ठरते.

पडलेला आणि हरलेला

आता घड्याळ बाजूला ठेवू आणि दुसरे माप घेऊ. संकटाला तोंड देऊन केलेली धाव मोठी मानायची, तर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील १०,००० मीटरची अंतिम शर्यत डोळ्यांपुढे येते. फिनलंडचा लासे व्हिरेन हा पोलीस शिपाई बाराव्या फेरीत धडपडून खाली पडला. आघाडीचे धावपटू पुढे निघून गेले. तो उठला, घाईने सर्व अंतर एकदम भरून काढण्याच्या फंदात न पडता हळूहळू त्यांना गाठता झाला, आणि शर्यत जिंकली. तीही विश्वविक्रमी वेळेत, २७ मिनिटे ३८.४ सेकंद.

त्याने मोडलेला विक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा होता. १९६५ मध्ये ऑस्लो येथे क्लार्क २७ मिनिटे ३९.४ सेकंदांत धावला होता आणि २८ मिनिटांचा अडसर ओलांडणारा तो पहिलाच. उभ्या कारकिर्दीत त्याने १७ विश्वविक्रम केले. पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याच्या वाट्याला आले नाही. १९६४ मध्ये टोकियोत त्याला कांस्यपदक मिळाले. १९६८ मध्ये स्पर्धा मेक्सिको सिटीत भरल्या. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत तो सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. केनियाच्या हेन्री रोनोचे नशीब याहून विपरीत. १९७८ मध्ये अवघ्या ८१ दिवसांत त्याने चार निरनिराळ्या अंतरांचे विश्वविक्रम मोडले. पण १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिंपिकवर त्याच्या देशाने बहिष्कार घातल्यामुळे त्याला तेथे पाऊलही ठेवता आले नाही. केवळ पदकांच्या मापाने पाहिले, तर हे दोघे यादीत कोठेच बसत नाहीत, आणि हे माप अपुरे असल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

क्लार्कची थोरवी ओळखली ती झाटोपेकनेच. १९६६ मध्ये क्लार्क प्राग येथे गेला असता झाटोपेकने त्याचा पाहुणचार केला आणि निरोपाच्या वेळी त्याच्या हाती एक लहानशी पुडी ठेवली. क्लार्कने ती नंतर उघडून पाहिली, तेव्हा आत झाटोपेकचे १९५२ चे १०,००० मीटरचे सुवर्णपदक होते.

हेलसिंकीचे आठ दिवस

आता माझा कौल सांगतो. पाव्हो नुर्मी या फिनलंडच्या धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १,५०० आणि ५,००० मीटर या दोन्ही शर्यती एकाच दिवशी, दोन तासांच्या आत जिंकल्या होत्या, हे ध्यानात घेऊनही मी हेलसिंकीच्या आठवड्याला पहिले स्थान देतो. योगायोग असा की, १९५२ च्या त्या सोहळ्यात मशाल घेऊन मैदानात आला तो हाच नुर्मी.

२० जुलै रोजी झाटोपेकने १०,००० मीटरची शर्यत जिंकली. २४ तारखेला ५,००० मीटरची अंतिम शर्यत होती. शेवटच्या फेरीत तो चौथ्या स्थानावर ढकलला गेला आणि आता संपले असे वाटत असताना अखेरच्या वळणावर तिघांनाही मागे टाकून पहिला आला. त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीचे सुवर्णपदक पटकावले. नवराबायको दोघांचाही जन्म एकाच तारखेचा, १९ सप्टेंबर १९२२. त्यानंतर २७ जुलै रोजी तो मॅरेथॉनमध्ये उतरला. ४२ किलोमीटरहून लांब अशी ही शर्यत तो आयुष्यात प्रथमच धावत होता. ब्रिटनच्या जिम पीटर्सला त्याने वाटेत गाठले आणि आपली गती बरी आहे ना, अशी पृच्छा केली. पीटर्सने थट्टेने ती मंद असल्याचे सांगितले, आणि झाटोपेक खरोखरच पुढे निघून गेला, अशी आख्यायिका आहे. पीटर्सला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक दोन तास २३ मिनिटांत स्टेडियममध्ये परतला, तोपर्यंत दुसरा धावपटू अडीच मिनिटे मागे होता. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणे त्यानंतर आजतागायत कोणालाही साधलेले नाही.

मॅरेथॉन ही रस्त्यावरची शर्यत, ती ट्रॅकच्या हिशेबात कशी धरता, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण चार दिवसांच्या अंतराने ट्रॅकवर मिळवलेल्या दोन सुवर्णपदकांवरही माझा कौल टिकतो. आणि माझ्या कौलामागे आणखी एक कारण आहे. झाटोपेकने मागे ठेवलेली गोष्ट केवळ पदकांची नाही.

हा मनुष्य झ्लिन या गावी बाटाच्या पादत्राणांच्या कारखान्यात कामाला होता. वयाची विशीही गाठली नव्हती, तेव्हा कारखान्याच्या शर्यतीत धावण्याचा हुकूम झाला. आपण अशक्त आहोत, आपल्याला झेपणार नाही, असे त्याने सांगून पाहिले. त्याला डॉक्टरकडे पाठवण्यात आले, आणि डॉक्टरने प्रकृती उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. तेथून त्याचे धावणे सुरू झाले. ‘झेपणार नाही’ या वाक्याची रीतसर तपासणी झाल्याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

जलद, मग सावकाश

त्याच्या सरावाची पद्धत साधी होती. एक फेरी वेगाने धावायची, मग थोडे अंतर अगदी संथ धावून दम घ्यायचा, पुन्हा एक फेरी वेगाने. अशा फेऱ्या वीस, चाळीस, पुढे तर दिवसाला शंभरपर्यंत गेल्या. श्रम आणि विसावा आलटून पालटून ठेवण्याची ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गेर्शलर हे प्रशिक्षक आणि रायन्डेल हे हृदयरोगतज्ज्ञ यांनी त्याआधीच तिचा अभ्यास केला होता. परंतु ती जगभर गाजली झाटोपेकच्या विजयांमुळे. तिचे मर्म असे आहे: सलग वेगाने धावणारा लवकर थकतो, मध्ये विसावा मिळाला, तर एकूण जलद श्रम अधिक घडतात, आणि हृदयाला व स्नायूंना बळ येते ते याच श्रमांमुळे.

हेच तत्त्व जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यमवयीन व वृद्ध माणसांच्या चालण्याला लावून पाहिले. तीन मिनिटे जलद चालायचे, तीन मिनिटे सावकाश. अशी पाच आवर्तने, म्हणजे एकूण अर्धा तास. आठवड्यातून किमान चार दिवस. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पाच महिन्यांनंतर, एकाच मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा या पद्धतीने चालणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास अधिक सुधारल्याचे, तसेच वरचा रक्तदाब अधिक उतरल्याचे आढळले.

वाचकहो, ही पद्धत आपल्यापैकी अनेकांना जमण्याजोगी आहे. मात्र सुरुवात बेताने करावी.

प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, चक्कर येण्याची सवय, गुडघ्यांचे तीव्र दुखणे यांपैकी काही असल्यास परवानगीवाचून वेग वाढवू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याची आणि खाण्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी व खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

‘जलद’ म्हणजे किती, हे घड्याळावर ठरवू नये. चालताना लहान लहान वाक्ये बोलता यावीत, पण गप्पा मारता येऊ नयेत, इतकी गती पुरे. ‘सावकाश’ म्हणजे श्वास पूर्ववत होईल इतकी. तीन मिनिटे जड वाटली, तर एका मिनिटापासून आरंभ करावा आणि पाचऐवजी दोनच आवर्तने करावीत. काठी किंवा वॉकर असेल, तर तो सोडू नये. घराबाहेर पडता येत नसल्यास व्हरांड्यात किंवा दिवाणखान्यात फेऱ्या घालाव्यात. वाटेतील पायपुसणी आणि विजेच्या तारा आधी उचलाव्यात. छातीत दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, घेरी किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले, तर तेथेच थांबून बसावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. अशा वेळी आवर्तन पूर्ण करण्याचा हट्ट नको.

आपले माप कोणते?

ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांत एक चांगली रीत आहे. तेथे पंचाहत्तरीच्या धावपटूची वेळ पंचविशीच्या विश्वविक्रमाशी ताडून पाहत नाहीत. पाच पाच वर्षांचे वयोगट असतात, आणि वयानुसार तयार केलेल्या तक्त्यांवरून, त्या वयाच्या उत्तमोत्तम कामगिरीच्या किती टक्के आपण पोहोचलो हे काढता येते. त्यामुळे पंचाहत्तरीच्या आजोबांनी आपल्या चाळिशीच्या मुलापेक्षा अधिक मंद धावूनही त्याला टक्क्यांत मागे टाकणे शक्य होते.

फौजा सिंग हे नाव आपण ऐकले असेल. मूळचे पंजाबचे हे गृहस्थ मुलाच्या मृत्यूचे दुःख सोसून इंग्लंडमध्ये उतारवयात धावण्याकडे वळले, आणि २००० साली, ८९ व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन धावले. ऑक्टोबर २०११ मध्ये, शंभर वर्षांचे असताना, टोरांटोच्या ट्रॅकवर त्यांनी एकाच दिवसात १०० मीटरपासून ५,००० मीटरपर्यंतची आठ अंतरे कापली. ५,००० मीटरला सुमारे ५० मिनिटे लागली. जन्माचा दाखला नसल्यामुळे हे विक्रम अधिकृतपणे नोंदले गेले नाहीत. झाटोपेकने तेच अंतर हेलसिंकीत १४ मिनिटे ६.६ सेकंदांत कापले होते. या दोन आकड्यांतील थोर कोणता, हा प्रश्न आपल्या घरी अवश्य विचारून पाहा. नातवंडे हिरिरीने भाग घेतील, आणि ज्यांचे बोलणे हल्ली औषधे व तपासण्या यांपुरतेच उरले आहे, अशा आजीआजोबांनाही एका संध्याकाळी दुसरे काही बोलायला मिळेल.

शुश्रूषा करणाऱ्यांना मात्र एक आग्रहाची सूचना. एक लहान वही करावी. आज व्हरांड्यात किती फेऱ्या झाल्या, किती वेळा बसावे लागले, खुर्चीतून हात न टेकता उठता आले काय, एवढेच लिहावे. तुलना करावी ती गेल्या पंधरवड्याशी. ‘पाच वर्षांपूर्वी आई एकटी मंडईत जात असे’ हे वाक्य त्या वहीत नसावे. आजारपण किंवा इस्पितळातील मुक्काम झाल्यावर नवे पान उघडावे आणि पहिला दिवस हाच नवा आरंभ धरावा. त्या वेळी पलंगापासून दारापर्यंतची दहा पावले ही पुरेशी नोंद आहे. एखाद्या पंधरवड्यात आकडे अकारण घसरले, तर ती वही डॉक्टरांना दाखवावी. चालण्याची गती मंदावणे ही उतारवयातील प्रकृतीची महत्त्वाची खूण मानली जाते, आणि ती घरच्या माणसांच्या नजरेस सर्वांत आधी येते.

फेऱ्या घालताना सोबत असाल, तर आपली पावले त्यांच्या पावलांइतकी मंद ठेवा, आणि विसाव्याची तीन मिनिटे कमी करू नका. झाटोपेकच्या सरावातही वेगवान फेऱ्यांच्या मध्ये विसावा असे.

सर्वांत मोठ्या धावेविषयी आपला कौल माझ्याहून वेगळा असल्यास जरूर कळवावा. नुर्मीच्या बाजूने उभे राहणारे वाचक निघाले, तर मला आनंदच होईल.